एकोणिसावा प्रश्न
मूल गावच्या बाजारात सुक्या मासोळ्यांचा वास आला की मला चंद्रपूरच्या दवाखान्यातली ती तपासणी आठवते. माझे कॅन्सरचे उपचार नुकतेच संपले होते. डॉक्टरांना विचारायला मी एकोणीस प्रश्नांची यादी केली होती आणि बसमध्ये तसे सोबतच्या शेजारणीला सांगितलेही होते. ती तळ्यावर मासे धरणारी. डॉक्टरांसाठी तिने सुक्या मासोळ्यांचे गाठोडे आणल्यामुळे दवाखान्यातल्या बाकावर आम्हाला ऐसपैस जागा मिळाली. आत गेल्यावर गोळ्या, पथ्य, केस, सूज असे सगळे मी भराभर विचारले आणि यादीची घडी घातली. बोटांवर मोजत बसलेली शेजारीण म्हणाली, "बाई, अठराच झाले. एक राह्यला." मी म्हटले, तो काही महत्त्वाचा नाही. "काऊन नाई? मी गिऱ्हाइकाले एक मासोळी कमी देत नाई." डॉक्टर नाकाला रुमाल लावून थांबलेले. शेवटी मी वाचले, "सगळे बरे आहे, तर भाजी चिरताना कांदा नसतानाही रडू का येते?" डॉक्टरांनी रुमाल खाली ठेवला. उपचारांनंतर पुष्कळ जणींना असे होते म्हणाले आणि समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या नावे चिठ्ठी दिली. तपासणीला अजूनही आम्ही दोघीच जातो. तो प्रश्न आता मी यादीत पहिला लिहिते, कारण गाळला तरी ती मोजणारच.