आडनावाआधी काम विचारणाऱ्या सुमतीताई

सुमतीताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या बहारीनमधल्या माहूजच्या फ्लॅटच्या दारातच झाली. १९७९ सालची गोष्ट. मी नागपूरची, अस्करजवळच्या एका कंत्राटदाराकडे नुकतीच लागलेली. बाई असूनही हुद्दा ड्राफ्ट्समन, काम इमारतींचे नकाशे काढायचं. इथं मराठी माणूस भेटला की पहिल्यांदा आडनाव विचारतो, आणि आमचं आडनाव ऐकून समोरचा चेहरा कसा बदलतो ते मी मुकाट बघत असे. ताईंनी विचारलं, "काय काम करतेस?" आडनाव त्यांना कळलं ते कितीतरी महिन्यांनी.

ताई इंग्रजी शाळेत इतिहास शिकवत. दर शुक्रवारी आम्हा बायकांना घरी बोलावून ब्रिटनमधल्या बायकांच्या कामाचा इतिहास सांगत. कापडगिरण्यांतल्या पोरी, पहाटे उठून दुसऱ्यांच्या शेगड्या पेटवणाऱ्या मोलकरणी, लग्न झालं म्हणून नोकरी सोडावी लागलेल्या शिक्षिका. "गोऱ्यांच्या बायकांचं आपल्याला काय करायचंय?" असं एकीनं विचारलंही. ताई म्हणाल्या, "अगं, साहेबाचे नियम आपण पाळतो, मग ते आले कुठून ते नको बघायला?"

त्यांच्या घरचा स्वतःचा नियम एकच. आधी प्रत्येकीनं आठवड्यात काय काम केलं ते सांगायचं. "काही नाही, घरीच असते" हे उत्तर चालत नसे. व्हिसावर 'हाउसवाइफ' असलेल्या बायका आधी लाजायच्या; मग बोलायला लागल्या की आवरायच्या नाहीत.

मला दिवस गेले तेव्हा आमच्या इंग्रज मॅनेजरनी अगदी प्रेमानं सांगितलं, आता घर सांभाळ, तुझ्या जागी दुसरा माणूस घेतो. घरच्यांशी भांडून शिकले होते मी हे काम. ताईंकडे जाऊन ढसाढसा रडले. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. म्हणाल्या, "त्या साहेबांच्या आई आल्यात ना थंडीत इथं? शुक्रवारी घेऊन ये."

साहेबांच्या आई, आयरिसबाई, आल्या, पोह्यांची बशी घेऊन आमच्यात बसल्या. पाळी आली तशा म्हणाल्या, "मी? काही नाही. जन्मभर घरीच होते." आम्ही सगळ्या हसलो. ताई हसल्या नाहीत. "आणि युद्धात?"

बाईंनी बशी खाली ठेवली. मग महायुद्धात कारखान्यातल्या लेथवर त्या विमानाचे भाग कसे कातायच्या ते हातांनी दाखवायला लागल्या. इतक्या वर्षांनी त्या हातांना सगळं आठवत होतं. "पुरुष परत आले, आणि आम्हाला थँक यू म्हणून घरी पाठवलं. जायचंय का, असं कुणी विचारलं नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "हिलाही नाही विचारलं."

संध्याकाळी मॅनेजर आईला न्यायला आले. बाई उठता उठता त्यांना म्हणाल्या, "ही मुलगी लीव्हवर जाते आहे. परत येणार आहे. तिची जागा ठेव." साहेबांचे कान लाल झाले. मी परत येईपर्यंत माझ्या ड्रॉइंग बोर्डाला कुणी हात लावला नाही.

मी अजून थक्क होते. ना अर्ज, ना भांडण. दोन शब्दांचा एक प्रश्न. पुस्तकातला इतिहास कुठल्या माणसात जिवंत बसलाय हे इतकं अचूक ओळखणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या बाळंतपणात ताई उन्हातान्हात बस बदलून डिंकाचे लाडू घेऊन आल्या, ते तर वेगळंच.

त्यांच्या साठीनिमित्त काढलेल्या या अंकाचं सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "अगं, मी काय केलंय? काही नाही."

ताई, हे उत्तर तुमच्या घरात चालत नाही. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, आणि शुक्रवारी तुमची पाळी आली की खरं सांगा. नाहीतर मी सांगेन. माझी जागा तुम्ही राखलीत.