तात्यांच्या ओसरीवरची अमेरिका

आमच्या लासुर्ण्यात तात्यांनी कुणाला "बरं हाय का?" असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ते विचारायचे, "नोंद झाली का?" बारशाला गेले तर बाळाच्या जन्माची, लग्नाला गेले तर लग्नाची. एकदा तर नव्या नवरीला हळद उतरायच्या आत त्यांनी रेशन कार्डात नाव घातलं का म्हणून विचारलं, आणि सासूनं त्यांना चहा न देताच वाटेला लावलं. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन पुन्हा दारात हजर.

यात त्यांचा दोष नव्हता. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात तात्या तीस वर्षं चिटबॉय होते. कुणी कोणत्या तारखेला ऊस लावला ते रानात जाऊन लिहून घ्यायचं, कारखान्यात त्याची नोंद करायची आणि त्या क्रमानं तोडीची चिठ्ठी द्यायची, हे त्यांचं काम. नोंद आधी, तर तोड आधी. ज्याची नोंद नाही त्याचा ऊस कितीही चांगला असो, तुरे येऊन उन्हाळ्यापर्यंत रानात उभा राहणार.

निवृत्त झाल्यावर हा माणूस अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या मागे लागला, त्याला कारण जावई. मुलगी मिशिगनला, जावई मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. "कंपनी करेल सावकाश" असं म्हणत जावयानं पाच वर्षं घालवली होती. एका सुट्टीत त्यानं सासऱ्याला सगळा प्रकार समजावून सांगितला. अर्ज कंपनी करते. अर्ज जाईल ती तारीख म्हणजे रांगेतली आपली जागा. भारतातल्या लोकांची रांग लांबलचक, आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या माणसांनी पुढं यायचं ते तिथलं सरकार दर महिन्याला जाहीर करतं. तात्या ताडकन उठून बसले. "आरं, हा तर तोडीचा प्रोग्राम हाय! आन तू पाच वर्सं बांधावर बसून ऱ्हायलास व्हय?"

त्या दिवसापासून दर महिन्याला तात्या इंदापूरला जाऊन ते तारखांचं पत्रक छापून आणायला लागले. इंग्रजी बेताचं होतं, पण तारखा वाचायला इंग्रजी लागत नाही. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर पोरं जमायची. लोणी देवकरच्या कारखान्यांतले तरुण इंजिनिअर, बारामतीच्या कॉलेजातली मुलं, वरकुट्याच्या डाळिंबवाल्यांच्या मुली. भिंतीवर शाळेतून आणलेला जुना फळा. त्यावर अमेरिकेत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि पुढं नोंदीची तारीख. मास्टर्स करू की पीएचडी, असं कुणी विचारलं की तात्या म्हणायचे, "ऊस सुरूचा लावायचा का आडसाली, ते आपल्या पाण्यावर ठरतं. सुरूचा वर्सात निघतो, आडसाली दीड वर्स रानात ऱ्हातो, पर वजन देतो. तुझ्यात दम किती हाय ते तू सांग." कंपनी बदलायला घाबरणाऱ्यांना सांगायचे, "अर्ज एकदा मंजूर झाला की तारीख आपली. मग मालक बदल न्हायतर गाव बदल. कंपनी आपली न्हाय, नोंद आपली हाय."

स्वतः तात्या एकदाच अमेरिकेला जाऊन आले. त्यांच्या व्हिसाच्या मुलाखतीची गोष्ट त्यांनी ओसरीवर किमान पन्नास वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी उभं राहून सांगितली. मुंबईच्या कचेरीत गोऱ्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्ही परत येणार कशावरून? बाकीचे लोक घराचे उतारे, बँकेची पत्रं दाखवत होते. तात्यांनी खिशातून उसाच्या नोंदीची चिठ्ठी काढली. "बाई, डिसेंबरात माझ्या उसाला तोड हाय. मी न्हाय आलो तर कारखाना माझ्यासाठी थांबंल का?" दुभाषी हसला, त्यानं ते समजावलं, आणि बाई पण हसल्या. व्हिसा मिळाला. तात्या तोडीच्या आधी चार दिवस परत आले. मुलीनं आणखी महिनाभर राहा म्हटलं, तर म्हणाले, "त्या बाईला शब्द दिलाय."

आता माझं सांगते. मी शीतल, त्याच ओसरीवरून निघालेली. रानाला पाणी कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. कॅलिफोर्नियात शिकले, तिथंच एका कंपनीत लागले, लॉटरीत नाव निघून कामाचा व्हिसाही मिळाला. तात्यांनी पहिल्याच फोनवर बजावलं, "सायबाला ग्रीन कार्डाचं इच्यार. आजच." मी हो म्हटलं. विचारलं मात्र नाही. साहेब भला माणूस, आपण चांगलं काम करतोय, त्याला दिसतंच आहे, तो स्वतःहून करेल. मागायचं कसं? आमच्या घरात कुणी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही. माझे वडील, अण्णा, लग्नाच्या पंगतीत मीठसुद्धा मागत नाहीत. पुढच्या फोनवर तात्यांनी विचारलं तेव्हा मी सरळ खोटं बोलले. "सांगितलंय तात्या, करतायत."

चौथ्या वर्षी कंपनीनं आमचा अख्खा विभागच बंद केला. नवी नोकरी शोधायला साठ दिवस, नाहीतर सामान बांधा. आणि माझी नोंद नाही, म्हणजे चार वर्षं पाण्यात.

शनिवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रविवारची सकाळ, ओसरी भरलेली. तात्यांनी फोन मांडीवर धरला होता, त्यामुळे मला त्यांची हनुवटी आणि मागं फळा दिसत होता. फळ्यावर माझं नाव होतं. त्यापुढची जागा कोरी.

"तात्या, तुम्ही माझी तारीख लिहिलीच नव्हती?"

"तू सांगितलीस कधी? करतायत म्हणलीस. करतायत ही काय तारीख हाय व्हय?"

मग त्यांनी पोरांना चहाला पिटाळलं आणि एवढ्या वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका साली ते तापानं पंधरा दिवस पडून होते. ज्यांना गरज होती ते शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन नोंद करून आले. एकच माणूस गेला नाही. तात्या येतील, त्यांना आजारपणात कशाला त्रास, म्हणून बांधावर वाट बघत बसला. नोंद मागं पडली, तोड उन्हाळ्यात आली, ऊस वाळून निम्मा झाला. "त्यो माणूस म्हंजी तुझा बाप. एका शब्दानं बोलला न्हाय मला. उलट बांधावर चहा पाजला. मी शिव्या खाल्ल्या असत्या तर सुटलो असतो. त्यो चहा अजून घशात अडकलाय माझ्या." मग म्हणाले, "भीड तुमच्या रक्तात हाय. पर ह्या बारीला मी तापानं पडल्यालो न्हाय. लिही, किती दिस ऱ्हायले?"

मला रडू येत होतं आणि हसूही. त्या दिवसापासून तात्या रोज फोन करायचे. मी मोठमोठ्या प्राध्यापकांना, बड्या कंपन्यांतल्या ओळखीच्यांना पत्रं पाठवत होते. कुणी "नक्की बघतो" म्हणायचं, कुणी तेही नाही. तात्या वैतागले. "लग्नातल्या पावण्यांना कशाला इच्यारतीस? ज्याच्या रानात तुझं पाणी गेलं, त्याला इच्यार." मी आठवून बघितलं. एका बदामाच्या बागेच्या मालकाचं सॉफ्टवेअर ऐन उन्हाळ्यात बंद पडलं होतं, तेव्हा तीन दिवस त्याच्या बागेत बसून मी ते दुरुस्त केलं होतं. त्याला फोन केला. तो म्हणाला, "तू मोकळी आहेस? आधी का नाही सांगितलंस?" त्यानं दुसऱ्याच दिवशी ठिबकच्या झडपा बनवणाऱ्या एका लहान कंपनीत माझं नाव सुचवलं.

मुलाखत चांगली झाली. एक्केचाळिसावा दिवस होता. मालकीणबाईंनी शेवटी विचारलं, तुला काही विचारायचंय? जिभेवर नेहमीचं "नाही, थँक्यू" आलंच होतं. पण डोळ्यांसमोर फळ्यावरची ती कोरी जागा आली. मी टेबलाखाली हात घट्ट धरले आणि म्हणाले, "ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्या तीन महिन्यांत सुरू करणार असाल तर मी येते. आणि ते पत्रात लिहून हवं." बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. चार वर्षं ज्या शब्दासाठी मी घाबरत होते तो दोन अक्षरांचा निघाला!

अर्ज गेला. मंजुरीचं पत्र यायला वर्ष उलटून गेलं. आलं तेव्हा इथं संध्याकाळ होती. मी तात्यांना फोन लावला. तिकडं त्यांच्याच उसाची तोड चालू होती, टोळी रानात, ट्रॅक्टर फुरफुरतोय.

"तात्या, मंजूर झालं!"

"ए, बंद कर रं त्यो ट्रॅक्टर!" ते ओरडले. "हां. तारीख सांग. सावकाश."

मी सांगितली. त्यांनी ती मोठ्यानं म्हटली, पुन्हा म्हटली, आणि चालायला लागल्याचा आवाज आला.

"कुठं निघालात? तोड चाललीय ना?"

"ऊस कुठं पळून चाललाय? खडू घरी हाय."

"पण तात्या, रांग खूप मोठी आहे. माझी पाळी कधी यायची कुणास ठाऊक."

"तोड ना माझ्या हातात व्हती, ना तुझ्या हाय. नोंद आपल्या हातात हाय, ती झाली. आता निवांत ऱ्हा." मग एकदम थबकले. "बापाला सांगितलंस?"

"नाही, आधी तुम्हालाच."

"गाढवे!" म्हणाले आणि फोन ठेवला.

मी लगेच अण्णांना लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. मला गाढव म्हणून तात्या स्वतःच अण्णांशी बोलत बसले होते. पाचव्यांदा लागला तेव्हा अण्णांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोकळा होता. "तात्या रडत व्हता गं," ते म्हणाले. "म्हणाला, तुज्या घरची नोंद झाली एकदाची."

तात्यांना जाऊन आता वर्ष झालं. तो फळा त्यांच्या मुलीनं पुसू दिलेला नाही. माझी पाळी अजून आलेली नाही, त्याची मला घाई नाही. पण त्या संध्याकाळचं आठवलं की मी अजून एकटीच हसते. कारण फोन ठेवायच्या आधी अण्णा जरा घुटमळले होते, घसा खाकरला होता आणि पंगतीत मीठ न मागणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला होता, "शीतल, एक मागू का? दिवाळीला घरी ये."