फोटोखालचं 'व इतर'

तळेगावच्या तंत्रविद्यापीठात ज्योत्स्ना ग्रंथपाल. विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम तिच्याकडे आलं. वलवणला पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम-लोहारकामाची शाळा निघाली, तिचं तंत्रनिकेतन झालं, मग वराळ्याजवळ अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आता विद्यापीठ. दोन वर्षं ती जुनी हजेरीपत्रकं, पत्रं, फोटो चाळत होती.

एका फोटोत लेथ मशीनपाशी तिचे वडील उभे होते. सीताराम ओव्हाळ, कार्यशाळेतले शिपाई. ती त्यांची मुलगी, हे विद्यापीठात कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं. कुणी विचारलंच तर वडील नोकरीत होते, एवढंच ती सांगायची. फोटोखाली तिनं मास्तरांची नावं लिहिली आणि शेवटी 'व इतर'.

प्रकाशनाला राजेंद्र शेटे नावाचे सत्तरीचे माजी विद्यार्थी आले होते. पुस्तक उघडून त्यांनी त्याच फोटोवर बोट ठेवलं.

"हे सीतारामभाऊ. मास्तर रजेवर असले की लेथ आम्हाला यांनीच शिकवला. यांचं नाव कसं राहिलं?"

नाव मिळालं नाही, असं ती म्हणाली. त्यांनी ते खरं मानलं आणि पुढच्या आवृत्तीत घाला म्हणून चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. वडिलांच्या नावाची चिठ्ठी तिनं धन्यवाद म्हणत घेतली.

रविवारी ती वलवणला वडिलांकडे गेली. आबांनी भिंग लावून पुस्तक पाहिलं. त्या पानावर ते थांबले.

"इतर म्हंजे मीच न्हवं?"

"मीच लिहिलं नाही, आबा. मुद्दाम."

आबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुला तितं नोकरी करायचीय," आणि पान उलटलं. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं.

सोमवारी तिनं कुलसचिवांना सगळं सांगितलं आणि शुद्धिपत्र छापून घेतलं. उरलेल्या प्रतींना तिनं ते स्वतः चिकटवलं. वाटल्या गेलेल्या प्रतींत चूक तशीच राहिली. मग शेट्यांना फोन करून, आपण खोटं बोललो, ते आपले वडील, हे सांगितलं. त्यांनी तिला काहीच सुनावलं नाही. फक्त विचारलं, "भाऊ आहेत? भेटायला येऊ?"

ते वलवणला आले. दोघं म्हातारे ओट्यावर बसून लेथच्या गोष्टी करत राहिले. ज्योत्स्नानं चहा केला, पण कप घेऊन ती दाराआडच थांबली. शेवटी आबांनीच आत येऊन कप नेले.