थोरलं कार्ड, धाकलं कार्ड आणि माझे पापड

नगर नाय, राजा नाय, शहापूरकडं, शेणवे गावाच्या पलीकडं आमचं चार आळ्यांचं गाव. तिथं एक आजी राहात होती, तिची एक नात होती दर्शना, आणि दोघींच्या मधी एक कंप्युटरचा डबा होता. आजी म्हंजे मीच. त्या डब्यापायी मी जो घोळ घातला तो ऐका, पण चहा आधी खाली ठेवा. मागं एकीच्या नाकातून आला होता.

दर्शना शिकली शहापूरला. कंप्युटरातलं तिला सगळं कळतं. ठाण्यात एक हापीस हाय, ते लोकांना सांगतं की बाबांनो, हे घ्या, ते घेऊ नका. त्यांनी हिच्याकडं दोन कार्डं धाडली. डब्यात बसवायची, चित्रं पळवायची कार्डं. दोन्ही जोखून बघ, खरं काय ते लिही, बरं उतरलं तर घरबसल्या नोकरी. नायतर हायेच भिवंडीकडचं गोदाम, दिवसभर उभं राहून खोके चिकटवायचे. पोरीनं पहिल्यांदा देवाला नारळ बोलला, तेव्हाच मला कळलं की हे काम साधं नाय.

एक कार्ड विटेएवढं जाड, त्याला तीन पंखे. दुसरं बारकं, दोन पंख्यांचं. मी नावं ठेवली, थोरलं नि धाकलं.

"थोरल्यात असं काय हाय गो?" मी विचारलं.

दर्शनानं मला आवणीच्या, भातलावणीच्या भाषेत सांगितलं, नायतर मला कुठलं कळायला. कार्डाच्या पोटात मजूर असतात, हजारांनी. थोरल्यात धाकल्याच्या दुप्पट. धाकल्याची कणगी आठ जीबीची, थोरल्याची सोळा, म्हंजे माल जास्त मावतो. थोरल्याचा बांधही रुंद, रोपांच्या मुठी भराभर पोचतात. फक्त वीज जास्त खातं. जास्त मजूर, जास्त भाकरी, सरळ हिशोब.

"मग थोरलं दुप्पट काम करणार?"

"कागदावर. मजूर गुणिले हाताचा वेग. पण तो आकडा कसा काढतात माहीत हाय का आजी? एकही मजूर तंबाखू मळायला बसला नाय असं धरून."

मी हसले. असा मजूर मी तर जन्मात बघितला नाय. तुमी बघितलाय?

म्हणून पोरीला ते खरोखर पळवून बघायचं होतं. आधी धाकलं लावलं. डबा होता पडवीत, ट्रंकेवर, आणि डब्याची पाठ माझ्या सैपाकघराच्या दाराकडं. पाठीतून वारं यायचं, कोमट. निवलेल्या चहासारखं. मी लक्ष दिलं नाय.

मग लावलं थोरलं. आणि अहो, काय ते वारं! भट्टीच जशी. मी दारात उभी राहिले, पदर सुकला.

आता माझी अडचण ऐका. श्रावण चाललेला, ऊन नाय, आणि तांदळाचे पापड सादळून चामड्यासारखे झालेले. पूर्वी चुलीच्या वर टांगलेली माची असायची, तिच्यावर टाकले की झालं. गॅस आला, चूल गेली, माची गेली. आणि इथं देवानं दारात चूल आणून ठेवलेली, लाकूड नाय, धूर नाय.

मी सुपात पापड मांडले, सूप डब्याच्या पाठीला टेकवलं, वरून जुनं लुगडं पांघरलं. माशी बसू नये आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. दर्शना पुढून पडद्याकडं डोळे लावून, मी मागून पापडांकडं. भात शिजेपर्यंत पापड कडक! आवाज थांबला की मी सूप उचलून घ्यायची. पोरीला सांगितलं नाय. सुगरण आपली युक्ती सांगत नसते.

पण पुढं पोरीचं तोंड उतरलं. थोरलं धाकल्याच्या मागं पडलं! कागदावर दुप्पट आणि धावताना लंगडं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. तोवर माझे पापड खाऊन शेजारची सखू आपले घेऊन आलेली. दोन सुपं टेकली. थोरलं आणखी हळू. तिसऱ्या खेपेला सखूच्या जावेच्या कुरडया, वरच्या आळीचं सुकट. थोरलं रांगायला लागलं.

पोरीनं डबा उघडला, पुसला, वायरी बदलल्या, विजेला शिव्या घातल्या. शेवटी रडायला बसली. म्हणाली की मलाच जोखता येत नाय, जाते गोदामात. माझा जीव तुटला. मी काय केलं? तिला पापड भाजून दिला.

रडता रडता तिनं खाल्ला. "आजी, या हवेत पापड इतका कुरकुरीत कसा गो?"

"देवाची कृपा," मी बोलले.

तिनं अखेर जसं दिसलं तसं लिहून धाडलं. "कागदावर थोरलं दुप्पट, माझ्या घरी धाकल्याहून हळू, कारण मला सापडलं नाय." ठाण्याच्या साहेबांचा फोन आला, माझ्यासमोर पळव, मी बघतो. तिनं खिडकीत फोन टेकवला, सगळा डबा दिसेल असा. थोरलं घोंघावायला लागलं. साहेब बघतायत म्हंजे पाहुणे आले, पानात पापड नको का? मी मागून सूप सरकवलं.

थोड्या वेळानं साहेब बोलले, "दर्शना, डब्याच्या मागे एक हात आहे."

"हात?"

"बांगड्यांचा. काहीतरी उलटतोय."

पोर उठून मागं आली. मी सुपाशी उकिडवी, हातात पापड.

"आजी, हे कधीपासून?"

"थोरलं आल्यापासून. धाकल्यात दम नाय गो, त्याच्यावर सुकत नाय."

ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग साहेबांना सांगितलं, आणि मला पण. ते वारं म्हंजे मजुरांचा घाम. तो बाहेर पडला तरच मजूर चालतात. मी सूप टेकवून त्याचं दारच लावलेलं, वर लुगडं घातलेलं. भर उन्हात घोंगडी पांघरून आवणी कोण करील? तंबाखू सोडा, मजूर मरायला टेकलेले.

फोनमधी साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते हसत होते.

सूप उचललं आणि थोरलं असं सुटलं! दुप्पट नाय, दीडपटीच्या वर. तेवढी तंबाखू चालायचीच.

साहेब म्हणाले, "ही कार्डं ज्यांना ज्यांना दिली, त्या बाकीच्या सगळ्यांनी कागदावरचा आकडा उतरवून पाठवला. हिनं जे दिसलं तेच पाठवलं, स्वतःचं नुकसान होत असताना. हिलाच घेतो."

नारळ फुटला. आता महिन्या-दोन महिन्याला नवं कार्ड येतं, दर्शना पडवीत बसून जोखते, पगार घरात येतो, आणि गोदामाचं नाव कोणी काढत नाय. देवानं आमच्याकडं बघितलं तसं सगळ्यांकडं बघावं.

मी गावभर सांगते, नोकरी माझ्या पापडांमुळं लागली. पण परवा तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. वरती कार्डाचं नाव, मजूर किती, कणगी केवढी, खोलीत उकाडा किती. आणि प्रत्येक कार्डाच्या खाली, ठाण्याच्या साहेबांनीच घालायला लावलेली एक ओळ:

"चाचणीच्या वेळी आजी घरात नव्हती."