कॉम्प्युटरच्या पोटातलं

जना भोईर भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकतो. कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यात तिच्याशी ज्याचं वाजलं नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. मी स्टोअरचा कारकून. पेनाची रिफिल द्यायला उशीर केला म्हणून तिनं भर कॅन्टीनमध्ये माझी खरडपट्टी काढली होती. तरी तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण तिच्या वाट्याला जे आलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कारखाना ज्या जमिनीवर उभा राहिला त्यात तिच्या बापाचं भाताचं खाचर गेलं. घरात मुलगा नव्हता. कागदावर अंगठा द्यायच्या आधी म्हाताऱ्यानं एकच अट घातली, "माजी पोर धावी पास हाय. तिला हापिसात खुर्ची पायजे." कारखान्याच्या साहेबांनी मान डोलावली. सत्त्याऐंशी साली ऑफिसात तीन कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांतल्या एकापुढे जनाला बसवलं. कायम मात्र केलं नाही. ती त्या खुर्चीला 'आमचं खाचर' म्हणायची, आणि गमतीनं म्हणत नव्हती.

आता पदू फोरमन. इलेक्ट्रिक खातं त्याच्याकडे. खंडेनवमीला कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा तो जातीनं करायचा. यंत्रावरची पत्र्याची पाटी म्हणजे यंत्राचं कपाळ, असं त्याचं शास्त्र. लोक कुंकवाचं बोट लावतात, हा त्या पाटीवर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा. दोन-तीन नवम्या झाल्या की पाटीवरचं एकही अक्षर वाचता येत नसे. लोक म्हणायचे, काय भक्ती! कसली भक्ती? कुलूप होतं ते. मोटर बंद पडली की ती कुठल्या जातीची हे एकट्या पदूला ठाऊक, आणि चार माणसांना ताटकळत ठेवून, चहा पिऊन, मग तो तोंड उघडणार. मला त्या माणसाची शिसारी यायची.

कॉम्प्युटर आले तशा पहिल्याच नवमीला त्यांच्या पाठीवरच्या पाट्याही शेंदराच्या जाड थराखाली गेल्या. तिन्ही पेट्या बाहेरून सख्ख्या बहिणी, आतून मात्र प्रत्येकीचं वेगळं. शिमग्याच्या सुमारास एक बंद पडली. ठाण्याच्या मेकॅनिकनं फोनवर विचारलं, डिस्क कोणती, कार्ड कोणतं, मेमरी किती? जना पदूकडे गेली, तेव्हा मी तिथंच होतो.

"बाईमानसाला कशाला रं पायजेत नसत्या चौकश्या?" तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला. "पेटी माज्या खात्याची हाय."

मेकॅनिक अंदाजानं एक कार्ड घेऊन आला. ते बसेना, म्हणून परत गेला. आठवडाभर पेटी मुकी. पदू साहेबांच्या कानाला लागला की बाईनंच बिघडवली. साहेबांनी जनाला बोलावून बजावलं, पुन्हा असं झालं तर ऑफिस सोडायचं आणि पॅकिंगला जायचं.

मेकॅनिक दुसऱ्यांदा आला तेव्हा जनानं त्याला धरूनच ठेवलं. तिन्ही पेट्या उघडायला लावल्या, कुणाच्या आत काय आहे ते विचारून घेतलं आणि कागदावर लिहून पेट्यांवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कागद गायब. पदू म्हणाला, "उंदरानं खाल्लं असंल."

मग तिनं त्या मेकॅनिकचं डोकं खाऊन एक युक्ती शिकून घेतली. बटण दाबलं की कामाला लागायच्या आधी पेटी स्वतःची ओळख पडद्यावर दाखवायची. अक्षरं इंग्रजी, बोली कुंभिवलीची. मी दोन नंबर, माज्या पोटात अमकी डिस्क हाय, अमकं कार्ड हाय, मेमरी एवढी हाय. कुणाची मनधरणी नको, शोधाशोध नको. ज्याला वाचता येतं त्यानं फोन उचलावा आणि वाचून दाखवावं.

पदू ते बघून फिदीफिदी हसला. "अगं येडे, बंद पडल्यावं मढं सांगनार काय, माज्या पोटात काय हाय?"

मला संताप आला, पण त्याचं म्हणणं खरं होतं. जना पाय आपटत घरी गेली. सकाळी आली ती स्टोअरच्या दारातूनच ओरडत.

"दादा, आमच्या आळीत धोंडूबाईचं दार बंद असलं, तर तिच्या चुलीवं काय शिजतंय ते कोन सांगतं रं?"

"शेजारीण," मी म्हणालो.

"मंग!"

त्या दिवशी तिनं प्रत्येक पेटीत बाकीच्या दोघींचीही माहिती भरली. एक मेली तरी तिच्या पोटातलं सांगायला उरलेल्या दोघी मोकळ्या.

पदूचं हसणं थांबलं. परवानगीवाचून बाई कंपनीच्या पेट्यांत ढवळाढवळ करते, अशी त्यानं तक्रार केली. साहेबांनी पडद्याकडे बघण्याचेही कष्ट घेतले नाहीत. जनाला पॅकिंगला पाठवलं आणि तिच्या खुर्चीवर त्यांच्या ओळखीतला हिरू येऊन बसला. दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायला तिचा बाप आला, तर त्याला गेटच्या आतही घेतलं नाही. पेट्यांतलं लिहिलेलं तेवढं राहिलं. ते पुसायचं कसं हे पदूला कळत नव्हतं, आणि हिरूला काय, त्याचं काही अडत नव्हतं.

"पडू दे येखादी बंद," जना मला म्हणाली. "पडद्यावं वाचतील, कुनी लिवलं ते इचारतील, नि झक मारत येतील मला बोलवाया." त्याच आशेवर ती खोकी बांधत राहिली. मीसुद्धा पेटी बंद पडायची वाट बघत होतो.

पडली ती दिवाळीच्या तोंडावर, माल रवाना करायच्या ऐन धांदलीत. मी ऑफिसातच होतो. साहेबांनी पदूला हाक मारली. पदू आला आणि कुणीतरी आर्जव करील म्हणून सावकाश खुर्ची ओढून बसला. तेवढ्यात हिरूनं शेजारची पेटी सुरू केली, पडदा वाचला आणि फोन लावला. दुपारी मेकॅनिक बरोबर तेच कार्ड घेऊन हजर. संध्याकाळच्या आत काम चालू. साहेबांनी हिरूची पाठ थोपटली. हे पडद्यावर कुणी घातलं, असं त्या एवढ्या माणसांत एकानंही विचारलं नाही.

मी तडक पॅकिंगला गेलो. मला बघताच जना हातातली सुतळी टाकून उठली.

"बोलवलंय?"

"नाही," मी म्हणालो, आणि झालं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता माझाच तोल गेला. "तुला कुणी सांगितलं होतं सगळं उघड्यावर मांडायला? डोक्यात ठेवलं असतंस, तर आज साहेब तुझ्यापुढे हात जोडून उभे असते! खुर्ची परत मिळाली असती!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकलो.

"आनि मंग पदूत नि माज्यात फरक काय राह्यला असता रं?"

ती खाली बसली, बाहीनं डोळे पुसले आणि सुतळी जवळ ओढली.

"पेटी चालली ना?"

"चालली."

"मंग जा. तुजं तोंड बी नको दिसाया."