बरा झाल्यावर

तंजावूरच्या एका मेडिकल कॉलेजात मी मानसोपचार शिकवते. आमचं घराणं मराठ्यांच्या राजवटीपासून इथलंच. घरात मराठी बोलतात, पण ती लिहायला मी शिकले पुण्यात, एम.डी. करताना, होस्टेलच्या खोलीत मुळाक्षरं गिरवून. हे लिहिलेलं माझ्या घरात कुणालाच वाचता येणार नाही. कदाचित म्हणूनच मराठीत लिहावंसं वाटलं असेल.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी ओरत्तनाडूच्या पुढच्या एका गावी नेते. तिथल्या आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात महिन्यातून एकदा आमचा दवाखाना भरतो. वॉर्डात रोगी बघणं वेगळं आणि तो जिथं जेवतो, झोपतो, भांडतो तिथं जाऊन बघणं वेगळं, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला एक घर वाटून देते. बहुतेक मुलं पोस्टिंग संपलं की ते घर विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही, पुढे परीक्षा असतात.

त्या बॅचमध्ये कोइंबतूरकडची एक मुलगी होती. तिच्या घरात सगळे डॉक्टर. तिला सर्जन व्हायचं होतं आणि मानसोपचाराच्या तासाला ती खिडकीबाहेर बघत बसायची. तिच्या वाट्याला जे घर आलं ते गावाच्या टोकाला, कालव्याकाठी होतं. तिथं एक म्हातारी विधवा राहायची आणि तिचा पन्नाशीतला धाकटा भाऊ. हा भाऊ एकेकाळी गावोगावच्या शेतातले पंपसेट दुरुस्त करायचा. मग त्याला आवाज ऐकू येऊ लागले. शेजारी आपल्या पाण्यात विष घालतात असं त्यानं मनात घेतलं. बायको लहान मुलीला घेऊन माहेरी निघून गेली आणि बहिणीनं त्याला आपल्याकडे आणलं. तेव्हापासून तो मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून बसलेला. देवळं झाली, दर्गे झाले, मग तेही थांबलं.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले होते. माझं बोलणं ऐकून म्हातारीनं मान वर केली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्यातल्या?" त्याही मराठीच निघाल्या. तमिळ हेल काढत, आमच्या आजीसारखी मराठी बोलत होत्या. मी त्यांना अक्का म्हणू लागले.

मुलीनं विचारलं, "मॅडम, मी यांना काय काय विचारू?"

"काही विचारू नकोस. जवळ बस, अक्कांशी बोल आणि ये."

"नुसतं बसू?"

"नुसतं बस."

तिला ते आवडलं नाही, पण ती बसली. मी गोळ्या सुरू केल्या, अक्का त्या सांबारभातात कुस्करून न देता त्याच्या हातावर ठेवू लागल्या. हे मी बजावून सांगितलं होतं, की फसवून द्यायच्या नाहीत. पुढच्या खेपेला मुलीनं सांगितलं की त्यानं एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्यानं आंघोळ केली होती. मग एकदा आम्ही गेलो तर तो ओट्यावर बसलेला, समोर शेजाऱ्याच्या पंपाची बंद पडलेली मोटार उघडून ठेवलेली, आणि हात ग्रीसनं काळे. मुलीला बघून तो तमिळमध्ये म्हणाला, "ये पाप्पा. तो छोटा पाना दे." पाप्पा म्हणजे बाळ. तिनं पाना दिला आणि घाईनं बाहेर जाऊन उभी राहिली. मी गेले तर ती रडत होती.

पोस्टिंग संपलं तरी ती येत राहिली, इंटर्न झाल्यावरही. विभागाच्या बैठकीत तिनं त्या घराची हकीकत मांडली, तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की मागे बसलेल्यांचं हसूही तिला दिसलं नाही. मला मात्र थोडी धास्ती वाटत होती. इतकी वर्षं झोपल्यासारखा राहिलेला माणूस जागा झाला, की तो आधी घर बघतो आणि मग घरात कोण नाही ते बघतो. हे मी वर्गात शिकवते. पण शिकवणं आणि समोर घडताना बघणं यांत अंतर आहे.

एका सकाळी आम्ही दोघी गेलो तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काल विचारलं त्यानं. बायको कुठं म्हणून."

त्याची बायको काही वर्षांपूर्वीच माहेरी वारली होती. अक्कांनी तेव्हा त्याला सांगितलं होतं. तो हसला होता आणि त्यानं कॉफी मागितली होती.

"काल काय सांगितलंत?"

"काही नाही. तुम्ही येणार होता ना. मला धीर झाला नाही."

मग आम्ही तिघी त्याच्यासमोर बसलो. अक्कांनीच सांगितलं, मराठीत, अगदी थोडक्यात. "ती गेली रे. केव्हाच गेली. ताप आला आणि गेली."

तो अक्कांकडे वळला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"मग मी काय केलं?"

 अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला बरं नव्हतं."

त्यानं मान हलवली. उठला, अंगातला शर्ट तसाच, आणि कालव्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात गेला. मुलगी घाबरून धावली. मी तिचा हात धरला. मरणाची बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात, मग ती कितीही उशिरा येवो. त्यानं एकदा बुडी मारली, वर आला आणि छातीभर पाण्यात उभा राहून रडू लागला. पलीकडच्या काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांनी हात थांबवले. जिचं वर्षश्राद्धही लोक विसरून गेले होते, तिच्यासाठी तो एकटा त्या दिवशी सुतकात होता.

स्वतःच्या मुलीबद्दल त्यानं त्यानंतर पुष्कळ दिवसांनी विचारलं. तेव्हा अक्कांनी मला बाजूला नेलं. मुलगी तिरुच्चीला एका शाळेत शिक्षिका होती, तिचं लग्न झालं होतं. मामानं लग्न ठरवताना मुलाकडच्यांना सांगितलं होतं की मुलीचे वडील हयात नाहीत. वेडा बाप असलेल्या मुलीला कोण करून घेतं? अक्कांनाही लग्नाला येऊ नका म्हणून निरोप आला होता. त्या गेल्या नाहीत.

परतताना गाडीत इंटर्न म्हणाली, "तिला फोन करू या, मॅडम. तिला माहीत तरी असू दे की ते आता बरे आहेत."

"आधी त्यांना विचार. आणि त्यांना आधी खरं सांगावं लागेल."

"हे खरं कसं सांगायचं?"

ते मीच सांगितलं. आपण लोकांच्या लेखी मेलेले आहोत हे त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिच्या आईनं मला हाक मारली असती तर मला ऐकू आलं नसतं. मेलेलाच होतो. मामानं काही खोटं सांगितलं नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "एकदा दिसली तर बरं. तिला त्रास होणार नसेल तर."

अक्कांनी मामाकरवी निरोप धाडला. कुणी येईल असं मला वाटत नव्हतं. पण एका दुपारी कॉलेजातली ओपीडी संपता संपता त्याची मुलगी आली. साधी सुती साडी, हातात वह्यांनी भरलेली पिशवी, शाळेतून परस्पर आलेली. माझ्या इंटर्नच्याच वयाची म्हणावी, थोडी मोठी. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

"ते बरे आहेत हे ऐकून बरं वाटलं," ती तमिळमध्ये म्हणाली. "खरंच वाटलं. पण त्यांनी आम्हाला घरात कोंडलं होतं. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. मी ओरडू नये म्हणून तोंडावर हात दाबून धरायचे. अजून कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की मला घाम फुटतो."

"तुम्हाला वाचवायला करत होते ते," इंटर्न म्हणाली.

"ठाऊक आहे. आई हेच सांगायची. ठाऊक असून घाम यायचा थांबत नाही."

 मग तिनं मला विचारलं, "ते मला ओळखतील?"

"ओळखतील."

"तेच अवघड आहे. ओळखणार नसते तर मी जाऊन बघून आले असते."

निघताना तिनं आणखी एक विचारलं, आवाज खाली घेऊन. तिला मूल होतं. हा आजार त्याच्यात येईल का? मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं, धीर देणारं आणि न देणारं दोन्ही. ती म्हणाली, "मूल आहे हे त्यांना सांगू नका. बघावंसं वाटेल त्यांना. मग मी काय करू?" मी शब्द दिला.

पुढच्या महिन्यात, दवाखान्याच्या दिवशी, ती गावात आली. व्हरांड्यातल्या बाकावर बायकांमध्ये बसली. अक्का त्याला घेऊन आल्या. त्यानं धुतलेली पांढरी वेष्टी, इकडचं धोतर, नेसली होती, दाढी केली होती. तो थेट तिच्यासमोर येऊन थांबला आणि मला कळलं की त्यानं तिला ओळखलं आहे. तिनं पिशवी पोटाशी धरली.

तो तमिळमध्ये म्हणाला, "कुठून आलात?"

परक्या बाईशी बोलावं तसं, आदरानं. तिनं वर बघितलं. "तिरुच्चीहून."

"लांबून आलात. बसला गर्दी होती?"

"थोडी होती."

"पाणी प्यालात का?"

"प्याले."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये दोन बायका होत्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं त्याला विचारलं, मोटारी दुरुस्त करता ना? तो म्हणाला, हो, आता पुन्हा करतो. हल्लीच्या मोटारींची वायंडिंग चांगली नसते. ती म्हणाली, आमच्या शाळेतलीही सारखी जळते. एवढंच बोलणं झालं. मी पुढच्या रोग्याला काय विचारत होते ते मला आठवत नाही.

बस समोरच थांबते. तो तिच्याबरोबर रस्ता ओलांडून गेला, हातभर अंतर ठेवून. मी आणि इंटर्न फाटकाशी उभ्या होतो. ती चढली, खिडकीपाशी बसली. बस हलली तसा तो दोन पावलं पुढे गेला आणि मराठीत म्हणाला, "जपून जा, पोरी."

तिला मराठी बोलता येत नव्हती, पण समजत होती. तिनं पदर तोंडाशी धरला. बस पुढे गेली.

"काय म्हणाले ते?" इंटर्ननं विचारलं. तिला मराठी येत नव्हती. मी सांगितलं.

त्या दिवसापासून तो खंगत गेला. आवाज परत आले नाहीत, पण मोटारी तशाच पडून राहू लागल्या. जेवण सुटलं. अशा दिवसांत माणसाला एकटं सोडायचं नसतं, म्हणून इंटर्न सुटीच्या दिवशीही बस पकडून जायची. मी औषध बदललं, आरोग्य केंद्रातल्या नर्सला रोज डोकावायला सांगितलं. एकदा इंटर्न माझ्या खोलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मग आपण त्यांना बरं कशाला केलं?" तिला चहा दे, खुर्ची दे, एवढंच मला सुचलं.  

तिनं तेच त्यालाही विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत. कसं वाटतंय, म्हणून. तो म्हणाला होता, "वाटतंय, पाप्पा. आधी वाटतच नव्हतं."

हळूहळू तो पुन्हा जेवू लागला. मग ऐन पावसात अक्का गेल्या. सकाळी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि तिथंच बसल्या त्या बसल्या. त्यानं सगळे विधी स्वतः केले. गावातल्या लोकांनी पहिल्यांदा त्याच्या खांद्याला खांदा लावला. भाचीला, म्हणजे त्याच्या मुलीला कळवलं होतं. ती आली नाही. येणं तिला शक्य नव्हतं, तिच्या घरी या गावाचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

इंटर्नशिप संपली तेव्हा ती मुलगी निरोप घ्यायला गेली आणि मी बरोबर गेले. त्यानं स्वतः कॉफी करून दिली, साखर जास्त झाली होती. गोळ्यांची डबी देवाच्या फळीवर होती. आता हातावर ठेवणारं कुणी नव्हतं, तो आपणहून घेत होता. मुलीनं त्याला सांगितलं की ती आता लांब जाणार आहे, शिकायला.

"काय शिकणार?"

"मन," ती म्हणाली. सर्जरीचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

तो थोडा हसला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "डॉक्टरम्मा, तिला मूल आहे ना?"

मी कप खाली ठेवला. मला ठाऊक होतं आणि मी शब्द दिला होता. त्याच्या डोळ्यांत मला बघवेना. मी कालव्याकडे बघत राहिले.

त्यानं थोडा वेळ वाट बघितली. "असू दे," तो म्हणाला. कप उचलले आणि विसळायला आत गेला.

गाडीत मी मुलीला त्याचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही सांगायला हवं होतं." मग बऱ्याच वेळानं, "नाही. मला माहीत नाही." बाहेर भाताची लावणी चालली होती, वाकलेल्या बायकांच्या रांगा मागे पडत होत्या. ओरत्तनाडू आलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाणार?"

नवी बॅच अजून यायची होती. मी म्हटलं, "मी जाईन."