सरकीसकट अस्वल

बडनेरा स्टेशनावर मला निरोप द्यायला माय अंगणवाडीतून थेट आली होती. पोरांची खिचडी वाटून, रजिस्टर भरून, नांदगाव खंडेश्वरहून एसटीने. पदराला हळदीचा डाग तसाच होता. माझ्याजवळ दोन बॅगा होत्या आणि डी.एड.चं सर्टिफिकेट, ज्याच्यावर कितीही अर्ज केले तरी नोकरी लागली नव्हती. नवरा, प्रशांत, आधीच कॅनडात गेला होता, तिकडच्या खाणीत मशिनी दुरुस्त करायला. गाडी हलली तशी माय खिडकीसोबत चार पावलं चालली.

"कोनत्याई कामाले लाजू नोको," ती म्हणाली. "अन् एकटीच खोलीत बसून राहू नोको, लोकायमंदी जाय."

धाकटा भाऊ विनोद तिच्या मागे उभा राहून रडत होता. माय रडली नाही. मीही नाही. त्याला तेव्हापासून वाटतं की मी आणि माय एका हाडाच्या. हे मी त्याच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठीही.

आम्ही राहतो ते गाव कॅनडाच्या पार उत्तरेला आहे. हिवाळ्यात सकाळी दहाला उजाडतं आणि तीनला दिवस संपतो. प्रशांत दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी. मला डेकेअरमध्ये काम मिळालं. तीन-चार वर्षांच्या पोरांना स्नोसूट चढवायचे, उतरवायचे, नाकं पुसायची. मायने हेच काम पंचवीस वर्षं केलं होतं, फक्त स्नोसूट नव्हते.

पहिल्या डिसेंबरात आमच्या सुपरवायझर मार्थाबाईंनी मला आर्क्टिकचे प्राणी करून घ्यायचं काम दिलं. विकत काही आणायचं नाही, घरात असेल त्यातूनच करायचं. मी कागदी प्लेटवर कापूस चिकटवून पांढरं अस्वल केलं. जुन्या मोज्यात चिंध्या भरून सील केला. कागदाची सुरळी पिळून शिंगवाला देवमासा. अंड्यांच्या ट्रेचे दोन खळगे कापून घुबडाचे डोळे. संध्याकाळी टेबलावर हे मांडून बसायची तेव्हा तिकडे सकाळ असायची, माय अंगणवाडीत जायच्या तयारीत. व्हिडिओ कॉलवर ती चष्मा वर करून बघायची.

"हे कोनतं अस्वल व्हय? पांढरं काहून हाय?"

"बर्फात राहते म्हणून, माय."

दुसऱ्या दिवशी तिने फोन फिरवून दाखवलं. तिच्या पोट्ट्यांनीही अस्वलं केली होती. कुणाच्या तरी लग्नातून उरलेल्या प्लेटा, शेजारच्या वावरातून आणलेला सरकीसकट पिवळसर कापूस, डोळ्यांना काळ्या टिकल्या. सरक्यांमुळे अस्वलांना देवी आल्यासारख्या दिसत होत्या. मी खूप हसले. त्यानंतर हा आमचा खेळच झाला. मी एक प्राणी करायचा, चार दिवसांनी नांदगावात त्याची जत्रा भरायची.

माझ्या वर्गात लीना नावाची मुलगी होती. तिचे आजोबा आणखी वर, समुद्राच्या काठी शिकार करायचे. माझं अस्वल बघून ती म्हणाली, "असं पांढरं नसतं. जरा पिवळं असतं." मी ते मायला सांगितलं.

"मंग आमचंच खरं हाय," माय म्हणाली. "तुवावालं दुकानातलं हाय."

जानेवारीत एका सकाळी मी आठ पोरांना घेऊन टेबलाशी अस्वलं करत बसले होते. नुकतं उजाडत होतं. फोन वाजला. विनोद होता. तिकडे रात्र होती. जेवण झाल्यावर माय भांडी आवरताना पडली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सकाळी दहाला नेणार, असं तो म्हणाला. मला पोचायला दोन दिवस लागले असते. माझ्या बोटांना ग्लू लागला होता आणि त्यावर कापूस. फोन मी मनगटाने धरला होता.

मी म्हणाले, "मग येऊन काय करू?"

फोन कट झाला.

मी परत बसले. आणखी पाच अस्वलं बाकी होती. एकेकाला कान लावून दिले, नाक काढून दिलं, मागे नाव लिहिलं. कुठला कान मोठा झाला तेही मला आज आठवतं. दुपारी मार्थाबाईंना सांगितलं तेव्हा त्या रडल्या आणि मला घरी जा म्हणाल्या. मी घरी गेले, भात लावला, जेवले. पुढचे दिवस असेच गेले. मायच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम विनोदने फोनवरून दाखवला. मी म्यूट करून बघितला. कुणी चौकशी केली की मी म्हणायची, आई नांदगावला आहे. खोटं बोलायचं नव्हतं. तोंडातून तेच यायचं.

एप्रिलमध्ये सुट्टी मिळाली तशी गेले. विनोद बडनेऱ्याला घ्यायला आला, पण बोलला मोजकंच. तिसऱ्या दिवशी मायच्या अंगणवाडीतल्या मदतनीस शोभाताई घरी आल्या. नवीन बाई अजून यायच्या होत्या. "पोट्टे इचारून राहिले, नवा प्रानी कधी येते," त्या म्हणाल्या. "एक दिवस येता का?"

सकाळी आठलाच पत्रे तापले होते. मी वॉलरस करायचं ठरवलं. वहीचे पुठ्ठे, मिशांना दोरा, सुळ्यांना खराट्याच्या काड्या. पोरं भोवती बसली. एक पोरगी, दोन वेण्या, माझ्याकडे निरखून बघत होती.

"तू कुटची हायेस?"

माझ्याआधी शोभाताईच बोलल्या, "त्या कॅनडाच्या मॅडम हायेत."

"मंग हिले आपलं बोलनं कसं येते?"

"माही माय इथची होती," मी म्हणाले.

होती. तो शब्द मी पहिल्यांदा बोलले होते. काही झालं नाही. हात थांबले, एवढंच. पोरीने पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "मंग दुसरा दात लावून दे."

विनोद मला न्यायला आला होता आणि दारातच उभा होता. त्याने ऐकलं असावं. बाहेर आल्यावर त्याने आपला रुमाल माझ्या डोक्याला बांधला, लहान पोराला बांधतात तसा घट्ट.

"त्या दिवशी तिनं वांग्याची भाजी केली होती," मोटारसायकल सुरू करता करता तो म्हणाला. "तिखट झाली म्हनून मी बोललो तिले."

मग रस्ताभर तो सांगत राहिला. ती कुठे पडली, त्याने तिला कसं उचललं, गाडी कुणाची मिळाली, दवाखान्याच्या पायरीवर तिची एक चप्पल कशी राहिली. मी कधी विचारलं नव्हतं. तोही कधी सांगत नव्हता. गरम वारा तोंडावर येत होता, अर्धे शब्द उडून जात होते. मी पुढे वाकून म्हणायची, "काय म्हनला?" आणि तो पुन्हा सांगायचा.

घर कुठे, असं तिकडे कुणी विचारलं तर मी अजूनही नांदगावच सांगते. त्या घराच्या भिंती मायच्याच आहेत, पण नाव घेताना मला त्या दिसत नाहीत. मला गाडी चालवणारा विनोद दिसतो, आणि जे मी पाहिलं नाही ते मागे वळून वळून सांगणारा त्याचा आवाज.